घटक ४ : ताण, अंतःस्रावी ग्रंथी आणि शरीराची प्रतिरक्षा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
- ताण ही शरीरात घडणारी प्रक्रिया कशी आहे, हे सांगता येईल.
- अधोथॅलॅमस, पोष ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी स्पष्ट करता येईल.
- अल्पकालीन आणि दीर्घकालीन ताणाचे प्रतिरक्षेवर होणारे परिणाम वेगवेगळे का असतात, हे दाखवता येईल.
- आपल्या परिसरातील श्रम, झोप आणि उपजीविका यांच्याशी या माहितीचा संबंध जोडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण श्वेत पेशी, लसीका ग्रंथी, प्लीहा आणि प्रतिपिंडे यांची ओळख करून घेतली. शरीराचे रक्षण करणारी ही यंत्रणा स्वतंत्रपणे काम करते, असे त्या विवेचनावरून वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात ती मेंदू आणि अंतःस्रावी ग्रंथी यांच्याशी सतत संपर्कात असते. या संपर्काचा अभ्यास प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

मन आणि शरीर यांचा संबंध मराठी भाषेने फार पूर्वीपासून नोंदवलेला आहे. 'त्याने धसका घेतला', 'तिने हाय खाल्ली', 'जिवाला घोर लागला', 'काळजीने खंगला' हे वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्यांत निरीक्षण आहे, कारणमीमांसा नाही. काळजी मनात असते, मग तिने शरीर कसे खंगते? मधली वाट कोणती? ही वाट शरीरशास्त्राने विसाव्या शतकात शोधून काढली आणि ती अंतःस्रावी ग्रंथींमधून जाते.

विषय समजून घेताना आपण अधूनमधून नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याचा विचार करणार आहोत. अनिश्चित पाऊस, विडी वळण्याचे काम आणि कारखान्यांतील रात्रपाळी ही दीर्घकाळ ताण देणारी तीन कारणे या एकाच तालुक्यात शेजारी-शेजारी आढळतात.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ताण ही संकल्पना

व्यवहारात 'ताण' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. परीक्षा, कर्ज, आजारपण यांना आपण ताण म्हणतो आणि त्यांमुळे होणाऱ्या अस्वस्थतेलाही ताण म्हणतो. शास्त्रीय विवेचनात हा फरक पाळावा लागतो. बाहेरून येणारे कारण म्हणजे ताणकारक आणि त्याला शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणजे ताण.

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास दाखवून दिले की, धोका समोर येताच प्राण्याचे शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, रक्त स्नायूंकडे वळते आणि पचन मंदावते. पुढे १९३६ मध्ये कॅनडातील मॅगिल विद्यापीठात काम करणारे हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य अशी कारणे वेगवेगळी असली, तरी उंदरांच्या शरीरात तीन बदल सारखेच दिसत होते. अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या होत्या, यौवनलोपी ग्रंथी आणि लसीका ग्रंथी आक्रसलेल्या होत्या आणि जठरात व्रण पडले होते.

या तीनपैकी पहिले दोन बदल आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. अधिवृक्क ही संप्रेरके निर्माण करणारी ग्रंथी आहे, तर यौवनलोपी ग्रंथी ही लसीका पेशींची एक प्रमुख जडणघडण जेथे होते ती जागा. एक ग्रंथी वाढत होती आणि त्याच वेळी दुसरी झिजत होती. ताण, संप्रेरके आणि प्रतिरक्षा यांच्यातील नात्याचा धागा या निरीक्षणात होता.

४.२.२ ग्रंथींची साखळी

ताणाचा निरोप मेंदूकडून शरीराकडे दोन मार्गांनी जातो.

पहिला मार्ग जलद आहे. धोक्याची जाणीव होताच मेंदूतून निघालेला संदेश मज्जातंतूंवाटे अधिवृक्क ग्रंथीच्या मध्यकाला पोचतो. या ग्रंथी दोन असून प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर एकेक टोपीसारखी बसलेली असते. तिचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम भरते. मध्यकातून ॲड्रेनॅलीन हे संप्रेरक काही सेकंदांतच रक्तात मिसळते. रस्त्यात अचानक वाहन अंगावर आले की छातीत जे धडधडते, ते याच मार्गाचे काम. याच मार्गाचे मज्जातंतू प्लीहा आणि लसीका ग्रंथी यांच्यापर्यंतही पोचलेले असतात.

दुसरा मार्ग सावकाश चालतो, मात्र त्याचा परिणाम अधिक काळ टिकतो. त्याचे टप्पे असे :

(१) मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो.
(२) ते त्याच्या खालीच लोंबणाऱ्या, वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथीला पोचते. पोष ग्रंथी दुसरे संप्रेरक रक्तात सोडते.
(३) हे दुसरे संप्रेरक रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाला गाठते आणि बाह्यक कॉर्टिसॉल निर्माण करते.

ताणकारक समोर आल्यापासून साधारणतः वीस ते तीस मिनिटांत रक्तातील कॉर्टिसॉल उच्च पातळीला पोचते. कॉर्टिसॉलमुळे यकृतातून साखर रक्तात येते आणि मेंदू व स्नायू यांना इंधन मिळते. जी कामे तूर्त थांबली तरी चालतील, ती मागे पडतात.

या साखळीत एक अंगभूत लगाम आहे. रक्तातील कॉर्टिसॉल वाढले की अधोथॅलॅमस आणि पोष ग्रंथी यांना ते जाणवते आणि त्या आपले स्रवण कमी करतात. विहिरीवरील पंप टाकी भरताच बंद व्हावा, तसा हा प्रकार आहे. निरोगी शरीरात प्रसंग संपताच पातळी खाली येते. या साखळीला दैनंदिन लयही असते. पहाटेपासून कॉर्टिसॉल वाढू लागते, जाग आल्यानंतर थोड्याच वेळात ते सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. ही लय आणि हा लगाम पुढील विवेचनात वारंवार लागणार आहेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(अ) अधिवृक्क ग्रंथीच्या ______ भागातून ॲड्रेनॅलीन स्रवते.
(आ) कॉर्टिसॉलची पातळी ______ च्या सुमारास सर्वांत कमी असते.
(इ) सेल्ये यांच्या प्रयोगांतील उंदरांची ______ ग्रंथी आक्रसलेली आढळली.

४.२.३ संप्रेरके आणि प्रतिरक्षा

ताणामुळे प्रतिकारशक्ती कमी होते, असे विधान आपण नेहमी ऐकतो. ते अर्धे खरे आहे. अल्पकाळ टिकणारा ताण प्रतिरक्षेला तात्पुरता सज्ज करतो. ॲड्रेनॅलीनच्या प्रभावाने प्लीहा आणि इतर ठिकाणी थांबलेल्या श्वेत पेशी काही मिनिटांत रक्तात उतरतात. पुढे कॉर्टिसॉल वाढल्यावर त्यांतील बऱ्याच पेशी रक्त सोडून त्वचेसारख्या, जखम होण्याचा संभव असलेल्या ठिकाणी जातात. ज्या प्राण्याला क्षणभरात चावा बसणार आहे, त्याच्या दृष्टीने ही व्यवस्था हितकारकच म्हणावी लागेल.

कॉर्टिसॉलचे दुसरे काम आवर घालण्याचे आहे. ते श्वेत पेशीच्या आत शिरते, तेथील ग्राहीला चिकटते आणि पेशीकेंद्रात जाऊन दाह वाढवणाऱ्या रासायनिक निरोपांची निर्मिती कमी करते. हा आवर अत्यावश्यक आहे. जंतूंशी लढताना होणारा दाह अनिर्बंध वाढला, तर तो स्वतःच्याच ऊतींचा नाश करतो. खुद्द श्वेत पेशी लढत असताना मेंदूला रासायनिक निरोप पाठवून कॉर्टिसॉल वाढवून घेतात. तापात येणारी मरगळ आणि अन्नावरची वासना उडणे, हाही याच संवादाचा भाग होय.

प्रश्न निर्माण होतो तो ताण आठवडे, महिने, वर्षे टिकल्यावर. तेव्हा दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे, लसीका पेशींची वाढ आणि प्रतिपिंडांची निर्मिती मंदावते. विषाणूंविरुद्धचा प्रतिसाद दुबळा होतो. दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सतत कॉर्टिसॉलच्या सान्निध्यात राहिलेल्या श्वेत पेशी त्याला दाद देईनाशा होतात. रोज उठून तीच हाक ऐकणाऱ्याने कानाडोळा करावा, तसे त्यांचे होते. परिणामी दाहाला आवर बसत नाही आणि मंद, धुमसता दाह शरीरात रेंगाळतो. त्यामुळे दीर्घ ताणाखालील व्यक्ती संसर्गाला लवकर बळी पडते आणि तिचा दमा, सांधेदुखी, त्वचाविकार यांसारखा दाहाचा आजारही बळावू शकतो. या दोन परिणामांत वरवर विसंगती दिसते. मूळ मात्र एकच आहे.

४.२.४ पुरावे

हे सर्व केवळ तर्काने मांडलेले नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये ३९४ निरोगी स्वयंसेवकांचा आधी ताण मोजला. नंतर त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घालून त्यांना वेगळे ठेवण्यात आले. ताण जितका अधिक, तितके सर्दी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. ताण सर्वांत कमी असलेल्या गटात सुमारे २७ टक्के, तर सर्वांत अधिक असलेल्या गटात सुमारे ४७ टक्के लोकांना सर्दी झाली. १९९८ मध्ये २७६ स्वयंसेवकांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी ताणाचा कालावधीही पाहिला. महिन्याहून कमी काळच्या प्रसंगांनी फरक पडला नव्हता. महिना वा त्याहून अधिक काळ चाललेल्या ताणाने धोका स्पष्टपणे वाढला होता. अशा ताणांत बेकारी आणि नातेसंबंधांतील तेढ ही प्रमुख कारणे होती.

जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांचा १९९५ चा अभ्यास घरातील अनुभवाच्या अधिक जवळचा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम करण्यात आली. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून येण्यास सरासरी सुमारे ४९ दिवस लागले, तर इतर स्त्रियांना सुमारे ३९. आपल्याकडे घरातील अंथरुणाला खिळलेल्या माणसाची उस्तवारी बहुधा सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला येते. त्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तिच्या शरीरात मात्र ती होते.

४.२.५ महाराष्ट्रातील एक दाखला : २०२१

कॉर्टिसॉल प्रतिरक्षेला आवर घालते, याचा उपयोग वैद्यकाने औषध म्हणूनही केला. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला अधिवृक्क ग्रंथीतील एक संप्रेरक दिले आणि आखडलेले सांधे मोकळे झाले. एडवर्ड केंडल आणि टाडेउस राइखश्टाइन यांच्यासमवेत त्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज 'स्टिरॉइड' म्हणून परिचित असलेली अनेक औषधे याच कुळातील आहेत.

या औषधांच्या दोन्ही बाजू महाराष्ट्राने कोविडच्या काळात पाहिल्या. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीतून दिसून आले की, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. ज्यांच्या फुप्फुसांत दाह अनावर झाला होता, त्यांच्यासाठी हा आवर जीवदान ठरला. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत म्यूकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. लोकांनी त्याला 'काळी बुरशी' म्हटले. ही बुरशी एरवी माती आणि कुजक्या पाल्यात असते आणि निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा गरजेपेक्षा अधिक वा अधिक काळ झालेला वापर ही या उद्रेकाची प्रमुख कारणे मानली गेली. स्टिरॉइड श्वेत पेशींना दुबळे करते आणि रक्तातील साखरही वाढवते. बुरशीला दोन्ही गोष्टी सोयीच्या ठरतात.

औषधाच्या मात्रेतील स्टिरॉइड आणि शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल यांची पातळी सारखी नसते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. काळजीने कोणाला काळी बुरशी होत नाही. तथापि आवर योग्य वेळी लागला तर तारतो आणि सुटलाच नाही तर मारक होतो, हे तत्त्व या दाखल्यातून ठळक होते. सांधेदुखी वा दम्यासाठी कोणा अनोळखी वैदूने दिलेल्या, चमत्कार करणाऱ्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. त्यामुळे अशी पुडी घेऊ नये. तसेच डॉक्टरांनी दीर्घकाळ सुरू ठेवलेले स्टिरॉइड मनाने एकाएकी बंदही करू नये. बाहेरून पुरवठा होत असल्याने अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेली असते आणि तिला पूर्ववत होण्यास वेळ लागतो.

४.२.६ सिन्नरच्या जीवनातील ताण

आता ही माहिती सिन्नर तालुक्याच्या संदर्भात पाहू.

सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र आहे. पाने कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. मजुरी नगावर असली की विश्रांतीचा प्रत्येक क्षण कमाईतून वजा होतो. सदोष ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांची धास्ती वेगळीच. अशा कामात एकच मोठा धक्का बसत नाही. लहान-लहान धास्ती दिवसभर, वर्षानुवर्षे चालू राहते. कॉर्टिसॉलच्या साखळीला खाली येण्यास उसंत लागते आणि या जीवनक्रमात नेमकी तीच दुर्मीळ असते.

मुसळगाव आणि माळेगाव येथील औद्योगिक वसाहतींत पाळ्यांमध्ये काम चालते. पाळी आठवड्याआड बदलणाऱ्या कामगाराला शरीर झोपू पाहते तेव्हा जागावे लागते. मध्यरात्री सर्वांत खाली असणारी कॉर्टिसॉलची लय विस्कटते. झोपेचा प्रतिरक्षेशी संबंध किती थेट आहे, हे २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. सलग काही रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांना फ्लूची लस दिली असता, दहाव्या दिवशी त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली.

तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. तेथील शेतकऱ्याला पेरणीपासून बाजारभावापर्यंत वाट पाहावी लागते. संशोधनात वारंवार आढळले आहे की, ताणकारकावर आपले काही नियंत्रण नाही ही जाणीव कॉर्टिसॉलचा प्रतिसाद वाढवते. पाऊस आणि कांद्याचा भाव या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात नसतात.

या पार्श्वभूमीवर क्षयरोगाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेकांना आजार होत नाही. श्वेत पेशी जंतूंना वेढा घालून सुप्तावस्थेत ठेवतात. हा वेढा सैल पडला की आजार उफाळतो. कुपोषण, मधुमेह, तंबाखूचे सेवन, एचआयव्हीचा संसर्ग आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड यांमुळे तो सैल पडतो, हे सिद्ध आहे. दीर्घ ताण या कारणांना खतपाणी घालतो : साखर वाढते, झोप मोडते, जेवण टळते, तंबाखूचा आधार घेतला जातो. तरीही क्षय जंतूमुळेच होतो, हे विसरता कामा नये. विडी कामगाराच्या खोकल्यामागे तंबाखूची धूळही असू शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर 'दगदगीमुळे झाले असेल' असे म्हणून घरी बसू नये. शासकीय आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती तपासणी आणि उपचार दोन्ही विनामूल्य आहेत.

४.२.७ उपायांची दिशा

ताण पूर्णपणे टाळता येत नाही आणि टाळण्याची गरजही नाही. साखळीला पूर्वपदावर येण्याची संधी मिळणे महत्त्वाचे आहे. पुरेशी व शक्यतो ठरावीक वेळची झोप, नियमित चालणे वा व्यायाम, संथ दीर्घ श्वसन आणि मन मोकळे करता येईल अशी माणसे यांचा उपयोग होतो. रात्रपाळीनंतर खोली अंधारी करून झोपणे आणि घरच्यांनी त्या झोपेचा मान राखणे, ही साधी गोष्टही मोलाची आहे. मन फार खचले असेल, तर शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मात्र 'मन खंबीर ठेवा' एवढ्या उपदेशाने हा विषय संपत नाही. अधोथॅलॅमसला उपदेश ऐकू येत नाही. त्याला झोप, अन्न आणि सुरक्षितता कळते. नगावरची मजुरी, फिरती पाळी आणि शेतमालाचा अनिश्चित भाव हे व्यक्तीच्या स्वभावाचे दोष नव्हेत. विडी कामगारांच्या कामाच्या परिस्थितीविषयीचा १९६६ चा कायदा कामाचे तास, विश्रांती आणि रजा यांविषयी तरतुदी करीत होता. अशा तरतुदी प्रत्यक्षात किती उतरतात, हा प्रश्न कामगारहक्काचा आहे. तितकाच तो प्रतिरक्षेचाही आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
चूक की बरोबर ते सांगा.
(अ) अल्पकालीन ताणामुळे श्वेत पेशी रक्तात उतरतात.
(आ) दीर्घकालीन ताणात श्वेत पेशी कॉर्टिसॉलला अधिक दाद देऊ लागतात.
(इ) दीर्घकाळ सुरू असलेले स्टिरॉइड एकाएकी बंद करणे सुरक्षित असते.

४.३ सारांश

ताणकारकाची जाणीव झाली की मज्जातंतूंच्या जलद मार्गाने ॲड्रेनॅलीन, तर अधोथॅलॅमस, पोष ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्या साखळीतून कॉर्टिसॉल स्रवते. अल्पकाळासाठी ही संप्रेरके प्रतिरक्षेला सज्ज करतात आणि दाहाला आवर घालतात. ताण दीर्घकाळ टिकला, तर संसर्गाशी लढण्याची क्षमता घटते आणि दाहावरील आवरही सुटतो. म्हणून ताण किती मोठा आहे याबरोबरच तो किती काळ टिकतो आणि शरीराला उसंत मिळते की नाही, हे पाहावे लागते. ही उसंत बऱ्याच अंशी श्रमाच्या आणि जगण्याच्या परिस्थितीवर अवलंबून असते.

४.४ पारिभाषिक शब्द

संप्रेरक : ग्रंथीतून थेट रक्तात मिसळून दूरच्या अवयवाच्या कार्यावर परिणाम करणारे रासायनिक द्रव्य.
बाह्यक आणि मध्यक : अधिवृक्क ग्रंथीचे अनुक्रमे बाहेरील आणि आतील भाग.
यौवनलोपी ग्रंथी : छातीत असलेली, तारुण्यानंतर आक्रसत जाणारी व लसीका पेशी घडवणारी ग्रंथी.
ग्राही : संप्रेरक ज्याला चिकटते तो पेशीतील विशिष्ट घटक.
दाह : इजा वा संसर्ग झाल्यावर ऊतींत दिसणारा, लाली, सूज, उष्णता व वेदना यांनी युक्त असा प्रतिसाद.

४.५ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) मध्यक (आ) मध्यरात्री (इ) यौवनलोपी
प्रश्न २ : (अ) बरोबर (आ) चूक (इ) चूक

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) कॉर्टिसॉलच्या निर्मितीचे टप्पे सांगून त्या साखळीतील लगाम स्पष्ट करा.
(२) 'ताणामुळे प्रतिकारशक्ती कमी होते' हे विधान अर्धे खरे का आहे, ते सोदाहरण लिहा.
(३) २०२० आणि २०२१ मधील अनुभवांच्या आधारे स्टिरॉइडच्या दोन्ही बाजू विशद करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील विडी कामगार, पाळीत काम करणारा कामगार, शेतकरी किंवा घरातील रुग्णाची शुश्रूषा करणारी व्यक्ती यांपैकी एकीची संमती घेऊन तिच्याशी बोला. तिच्या दिवसाचे वेळापत्रक लिहून काढा आणि त्यात झोपेचे व उसंतीचे तास किती आहेत, ते मोजा. व्यक्तीचे नाव न देता दोन पानांचा अहवाल लिहून संमंत्रकांना दाखवा.